पेशींचं सुतक

लिफ्ट अकराव्या आणि बाराव्या मजल्यांच्या मधोमध अडकली आहे आणि आत बाबा एकटेच आहेत, असा आईचा फोन आला तेव्हा अक्षदा घाडी परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या ऑफिसात बसून नेमका त्याच लिफ्टचा नकाशा पाहत होती. नकाशा म्हणजे स्क्रीनवर मांडलेले हिरवे चौकोन. त्यांतला एक थोड्या वेळापूर्वी काळा झाला होता आणि त्याच्या आजूबाजूचे पिवळे पडले होते. इथवर काळजीचं काही नव्हतं, असं अधूनमधून व्हायचंच. पण पिवळे पुन्हा हिरवे होईनात, उलट पिवळेपणा पसरत चालला, तेव्हा ती खुर्चीतून उठली. तेवढ्यात फोन वाजला.

"अक्षू, बाबा अडाकले गो," आई म्हणाली. "हाक मारली तर ओ देतत, पण आवाज अगदी बारीक येता."

"आले मी. तू त्यांच्याशी बोलत राहा."

वैशाखात बाबांच्या, म्हणजे लवू घाडींच्या हृदयात दोन स्टेंट घातले होते. दगदग नको, उकाडा नको, घाबरणं तर नकोच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता त्या पत्र्याच्या डब्यात या तिन्ही गोष्टी एकदम हजर होत्या. आणि डब्याला अडकवून ठेवणारा बोर्ड अक्षदाचा होता.

त्या बोर्डाबद्दल चार शब्द सांगायलाच हवेत. लिफ्ट चालवणाऱ्या साध्या बोर्डाला एक मेंदू असतो, तो गेला की खेळ खलास. अक्षदाच्या बोर्डाला मेंदू नव्हताच. होत्या त्या एकसारख्या शेकडो बारक्या पेशी, आपल्या अंगात असतात तशा. प्रत्येकीजवळ सगळ्या बोर्डाचा आराखडा असायचा, आणि आपण कुठे बसलोय ते पाहून प्रत्येकीने आपलं काम आपणच ओळखायचं. कुणी दार उघडायचं, कुणी मजले मोजायचे, कुणी पंखा फिरवायचा. मुकादम नाही, साहेब नाही. उन्हाने किंवा धुळीने एखादी पेशी मेली तर शेजारच्या पेशी हातातलं काम क्षणभर थांबवायच्या, मेलेलीचं काम आपसात वाटून घ्यायच्या आणि परत कामाला लागायच्या. स्क्रीनवर मेलेली पेशी काळी दिसायची, थांबलेल्या पिवळ्या. चाळीत एखादी बाई बाळंत झाली की मजल्यावरच्या बायका तिच्या घरचा स्वयंपाक वाटून घेत, त्यातलाच हा प्रकार.

त्या क्षणभराच्या थांबण्याला नाव काय द्यायचं यावर ऑफिसात बराच खल झाला होता. शेवटी अक्षदाचा कामातला जोडीदार हितेंद्र म्हणाला, "अरे यार, सिंपल आहे. कोणी मेलं, बाकीचे बसले. सुतक!" नाव चिकटलं. सुतक दहा दिवसांचं, म्हणून बोर्डातलं सुतक दहा ठोक्यांचं. एक ठोका म्हणजे पापणी लवायलाही पुरणार नाही एवढा वेळ. नियम अक्षदाने लिहिला. ज्या पेशीला मरणाची बातमी कळेल तिने कळल्यापासून दहा ठोके बसायचं, आणि बसता बसता शेजारणीला कळवायचं. दोघंही मुंबईत जन्मलेली, मुंबईत वाढलेली. गावाहून फोन येतो, आई म्हणते देवाला हात लावू नका, आणि मग एके दिवशी आईच म्हणते झालं, संपलं. सुतकाबद्दल त्यांचं ज्ञान एवढंच. इंजिनियरिंगला हा विषय नसतो.

ऑफिसातल्या छोट्या बोर्डावर सगळं झकास चाललं. मग खऱ्या लिफ्टवर लावून पाहायची वेळ आली, तेव्हा अनोळखी बिल्डिंग कशाला, म्हणून अक्षदाने आपलीच निवडली. लालबागची ती बावीस मजली इमारत चाळ पाडून बांधलेली. दोन लिफ्टपैकी एक पहिल्याच वर्षी कायमची झोपली होती आणि दुसरीचा बोर्ड दर पावसाळ्यात जळायचा. लवूंनी सोसायटीत लेकीचा शब्द टाकला. सेक्रेटरी शरच्चंद्र नाईक नाकावरचा चष्मा वर करत म्हणाले होते, "पेशी? कसली पेशी? कोर्टाची का?" सगळे हसले, पण फुकट मिळतंय म्हटल्यावर हरकत कोण घेणार?

चार महिने लिफ्ट धावली. नंतर ती मधेच थबकायला लागली, आणि थबकली की लोकांना लवू घाडी आठवायचे. गेल्या रविवारच्या मीटिंगमध्ये नाईकांनी बोर्ड काढून टाकायचा ठरावच आणला. तेव्हा लवू उठून उभे राहिले. "गणपतीपर्यंत थांबा," ते म्हणाले. "मी सोता रोज त्येच्यात बसान खाली-वर करतंय. काय जाला तर माका होवंदे." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अक्षदा त्या मीटिंगला नव्हती. आईकडून ऐकलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याची आता तिला लाज वाटत होती.

परळहून लालबागपर्यंत ती निम्मी चालली, निम्मी पळाली. गणपती आठवड्यावर आलेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांबू, कमानी आणि खरेदीची झुंबड. लिफ्ट कंपनीचा माणूस माहीमहून मोटरसायकलवर निघाला होता आणि या गर्दीत कुठेतरी रुतला होता. नाईकांनी बंबवाल्यांनाही फोन केला होता, तर बंब गल्लीच्या तोंडाशी मंडपाच्या कमानीत अडकला. लिफ्टचा डबा हाताने सरकवायचं एक चाक वरच्या खोलीत असतं. पण ते फिरवायला तयार माणूस लागतो. नवख्याने ब्रेक सोडला तर डबा कुठे जाऊन थांबेल याचा नेम नसतो.

अक्षदा जिना चढू लागली. बाराव्या मजल्यावर आई लिफ्टच्या बंद दाराला कान लावून उभी होती. तिने हातानेच वर जा अशी खूण केली. तिचा चेहरा पाहून अक्षदाला थांबायचा धीर झाला नाही. बावीस मजले चढून गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत शिरली तेव्हा तिच्या छातीचा भाता झाला होता. खोली भट्टीसारखी तापलेली. तिने लॅपटॉप बोर्डाला जोडला आणि हितेंद्रला फोन लावला.

"बघतोय मी इथून," हितेंद्र म्हणाला. "एकच पेशी मेलीय गं. पण अख्खा बोर्ड सुतकात बसलाय. उठतच नाहीये."

"रिस्टार्ट करू?"

"कर ना. सगळ्या पुन्हा उगवतील. पाच-सात मिनिटं लागतील."

"हितू, डब्यातला दिवा आणि पंखा याच बोर्डावर आहे. बोलायचं बटणसुद्धा."

दिवा, पंखा, बटण सगळं याच बोर्डावर घ्यायचं हा हट्ट अक्षदाचाच होता. एका बोर्डात किती कामं मावतात ते दाखवायचं होतं ना! त्या कामांचं थोडंथोडं ओझं बोर्डाच्या कडेच्या पेशींवर होतं आणि तिथवर पिवळेपणा अजून पुरता पोचला नव्हता. पंखा रखडत का होईना फिरत होता, दिवा लुकलुकत होता. रिस्टार्ट केलं तर पाच-सात मिनिटं मिट्ट काळोख, हवा बंद, आणि बाबांना हाक मारायची सोय नाही. परत सुरू झाल्यावर सुतक पुन्हा लागणार नाही याचीही खात्री नाही. न करावं, तर पिवळं कडेपर्यंत पोचलं की तेच होणार. इकडे आड, तिकडे विहीर.

तिने खोलीतलं बोलायचं बटण दाबलं. "बाबा, मी अक्षू. वर आहे लिफ्टच्या खोलीत. कसं वाटतंय?"

"माका काय धाड भरली हा?" लवूंचा आवाज आला. पण शब्दांच्या मधे श्वास होता. "खाली बसलंय. वायच गरम होता. तू घाबरू नको."

"छातीत दुखतंय?"

"नाय. जरा जड वाटता." थोडं थांबून ते म्हणाले, "काय बिघाडलां गो?"

त्यांना बोलतं ठेवायचं म्हणून ती सांगू लागली. बोटं एकीकडे चालूच होती. स्क्रीनवर तिने सगळं सावकाश चालवून पाहिलं, आणि तेव्हा तिला दिसलं. आजवर मेलेल्या पेशींची बोर्डाच्या मधोमध एक मोकळी जागा तयार झाली होती, आणि पिवळा पट्टा त्या जागेभोवती फिरत होता, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा. पेशी बसायची, शेजारणीला सांगायची, दहा ठोके संपवून उठायची, आणि उठते न उठते तोच मागच्या बाजूने तीच बातमी फिरून परत तिच्या दारात यायची. की ती पुन्हा बसली. प्रत्येक फेरीला पट्टा बाहेरच्या आणखी चार-दोन पेशी ओढून घेत होता. ऑफिसातल्या बोर्डाला असं भोक कधी पडलंच नव्हतं. बातमी कडेला जायची आणि विझायची.

"एक पेशी मेली, बाबा," ती म्हणाली. "बाकीच्या सुतकात बसल्यात, त्या उठेचनात."

लवूंना हा सुतकाचा प्रकार ठाऊक होता. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते मांडीवर थाप मारून हसले होते. आता हसले नाहीत. "उठनत नाय म्हणजे? आणखी कोण मेला?"

"कोणी नाही. तीच बातमी गोल फिरतेय. एकीला कळलं की ती बसते आणि दुसरीला सांगते. दुसरी बसते, तिसरीला सांगते. ती फिरून पहिलीकडे येते. पहिली पुन्हा दहा ठोके बसते."

"पुन्ना कित्याक?"

"पुन्हा कळलं म्हणून."

"अगो, पण मेला ता एकदाच ना?" लवू म्हणाले. मग खोकले. अक्षदाचं बोट कळीवर अधांतरी राहिलं. खोकला थांबला, पण आवाज आणखी खाली गेला होता. "सुतक कळल्यापासून नाय मोजनत गो. मेल्यापासून मोजतत. आता माझाच बघ. माका शनवारी कळला, पण तो गुरवारी गेलो. म्हणान माझे दोन दिस तसेच सुटले. उद्याचो दिस गेलो की मी मोकळो. धा दिस सरल्यार लांबच्या कोणाक कळला, तर त्येना आंघोळ केली की झाला. नायतर जगात कोणाचा सुतक संपताच ना."

"मेल्यापासून," अक्षदा पुटपुटली.

"व्हय तर."

"बाबा, बोलू नका आता. शांत बसा. मी करते काहीतरी."

घोडं कुठे पेंड खात होतं ते तिला लख्ख दिसलं. बातमीत नुसतं 'मेली' एवढंच होतं. कधी मेली ते नव्हतंच. बातमी कितीही शिळी झाली तरी प्रत्येक पेशी ती ताजी म्हणूनच ऐकत होती आणि बिचारी नव्याने बसत होती. बातमीला मरणाचा ठोका जोडायचा आणि तिथून दहा मोजायचे. उरले असतील तेवढेच बसायचं. दहा उलटून गेले असतील तर ऐकून घ्यायचं आणि हात धुऊन कामाला लागायचं. लिहायला चार ओळी.

"हितू, वाच," ती म्हणाली. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं.

"बरोबर वाटतंय. पण टेस्ट नाही केलेलं. एका पेशीला दिलंस की ती शेजारणीला देणार, ती पुढे. पसरलं की मागे नाही घेता येत, अक्षू. चुकलं तर आत्ता चालू आहे तेवढं पण जाईल."

पंखाही जाईल, आवाजही जाईल, हे त्याने बोलून दाखवलं नाही. तिने बटण दाबून हाक मारली, "बाबा?" उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. खालून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, तो माणसाचा होता की पंख्याचा, कळेना. अक्षदाने बोट कळीवर नेलं. देवाचं नाव घ्यायचं तिच्या मनात आलं, पण कुठल्या देवाचं ते ठरायच्या आत बोट खाली गेलं होतं.

नवा नियम पेशीपेशीतून पसरत गेला. पिवळा पट्टा त्या मोकळ्या जागेभोवती आणखी एकदा फिरला. दुसऱ्या फेरीला पट्टा अर्ध्यावर आला, विरळ झाला आणि दिसेनासा झाला. चौकोन एकामागून एक हिरवे होत गेले. मेलेल्या पेशीचं काम तिच्या वरच्या दोघींनी उचललं, आणि खोलीतली मोटर गुरगुरून सुरू झाली. दोर सरकू लागले.

"अक्षू! चालली!" हितेंद्र फोनवर ओरडत होता. तिने फोन तसाच टाकला आणि जिन्याकडे धावली.

दोन-दोन पायऱ्या उतरत ती खाली निघाली. डोक्यात एकच, बाबा उठले असतील का. खालून दार उघडल्याचा आवाज आला, मग गलका, मग आईची आरोळी, "बरे आसत गो, बरे आसत!" सतराव्या मजल्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली. रडू येत होतं, हसूही येत होतं. आणि काळजी उतरून मन जरा रिकामं झालं, तेव्हा त्यात एक वाक्य मागाहून येऊन पडलं. तो गुरवारी गेलो.

कोण गेला गुरुवारी? माझाच बघ, म्हणाले होते. स्वतःचं सुतक. तिने त्यातून फक्त आपल्या कामाचं तेवढं उचललं होतं. बापाच्या तोंडून मरणाची बातमी ऐकली आणि तिच्या हाती काय लागलं, तर चार ओळींची दुरुस्ती. स्वतःची तिला अशी किळस आली की उरलेले मजले ती हळूहळू उतरली.

बाराव्या मजल्यावर लवू जिन्याच्या पायरीवर बसले होते. सदरा भिजून अंगाला चिकटलेला, पण चेहऱ्यावर रंग होता. नाईक स्वतः पुठ्ठ्याने वारा घालत होते. "घाडी, टॅक्सी बोलावतो. डॉक्टरला दाखवून येऊ," ते म्हणत होते, आणि खरोखरच फोन करायला खाली गेले. आई गोळी आणायला चौदाव्यावर घरी गेली होती. अक्षदा बापाजवळ बसली. त्यांचा हात तिने हातात घेतला. तो अजून गार होता.

"बाबा, कोण गेलं?"

लवूंनी मान वळवली. आपण बोलून गेलो हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं.

"तात्या," ते म्हणाले.

तात्या म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. गाव, घर, शेत सांभाळणारा. पंधरा वर्षांच्या लवूला मुंबईच्या बोटीत बसवून देणारा तोच, आणि दर वर्षी कोकमं, सुके बांगडे पाठवणाराही तोच.

"गावात पावसान फोन बंद होते. दोन दिसांनी कळला."

"मग गेला का नाहीत?"

"आयतवारी मीटिंग होती. मी नसतंय तर नायकान तुझो बोर्ड त्याच दिसा काडून टाकल्यान असतो." ते पायरीकडे पाहत राहिले. "मगे शबुद दिलेलो, रोज बसतलंय म्हणान. आता बसतलंय म्हटला आणि गावाक गेलंय, तर लोकां काय म्हणतीत?"

"आणि आईला?"

"तिका सांगतंय तर तिना माका त्याच रातीक गाडयेर बसवल्यान असता. नाय सांगाक. तू पण सांगा नको. उद्या सुटता. गणपतीक पण अडचण नाय."

सगळा हिशेब त्यांनी नीट लावला होता. कुणाची गैरसोय नाही, कुणाचा सण बुडत नाही, लेकीचा बोर्ड जागेवर. तिच्या लिफ्टसाठी हा माणूस सख्ख्या भावाच्या दिवसांना गावी गेला नव्हता, आणि वर रोज त्या लिफ्टमध्ये बसून खाली-वर करत होता. लोकांना वाटत होतं म्हातारा मजेत आहे.

वरून चपलांचा आवाज आला. आई गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उतरत होती. लवूंनी अक्षदाचा हात दाबला. गप राहा, असा. एक दिवस गप्प राहायचं, मग आपोआपच सगळं मिटणार होतं. गप्प राहणं अगदी सोपं होतं.

"आई," अक्षदा म्हणाली, "तात्या गेले. मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी. बाबांना माहीत होतं."

आई होती त्याच पायरीवर थांबली. तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं. तिने लवूंकडे पाहिलं, त्यांच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं. आता ही रागावणार, आपल्याला का नाही सांगितलं म्हणून तोंड सोडणार, असं अक्षदाला वाटलं, आणि लवूंनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी मान खाली घातली. आई दोन पायऱ्या उतरून त्यांच्या शेजारी बसली. गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"अवो," ती म्हणाली, "मगे इतके दिस तुम्ही एकटेच बसलात?"

लवूंनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, आणि तांब्या खाली ठेवायच्या आतच त्यांना रडू कोसळलं.